पिस्तुलाची मूठ

आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना नवल वाटलें असेल. ज्या माणसानें आयुष्याचीं तीस वर्षें मुलांकडून लढायांच्या सनावळ्या घोकून घेतल्या, त्यानें पिस्तुलावर बोलावें हें एक वेळ क्षम्य म्हणतां येईल. परंतु नळी, चाप, गोळी हें सर्व सोडून त्यानें मुठीवरच्या लांकडाचीच कथा सांगत बसावें, हें कशासाठीं? याचें उत्तर असें कीं, शस्त्रांचा इतिहास वाचतांना आपण पातें पाहतों, नळी पाहतों, किती माणसें पडलीं हें मोजतों. आणि शस्त्र व माणूस यांची जेथें प्रत्यक्ष गांठ पडते ती जागा तेवढी पाहावयाची राहून जाते. ती जागा म्हणजे मूठ.

बार उडण्याशीं ज्याचा कांहीं एक संबंध नाहीं असा पिस्तुलाचा भाग म्हणजे मुठीवरचें लांकूड. तें काढून ठेवलें तर नेम धरणाराच्या तळव्याला पोलादाच्या कडा टोंचतील, एवढेंच. चाप ओढला कीं गोळी सुटावयाची ती सुटणारच. असें असतां अमेरिकेंत आज या लांकडाचा एक स्वतंत्र धंदा चालतो. कारखान्यांतून आलेलें पिस्तूल विकत घ्यावयाचें, कारागिराकडून त्यांत आपल्या मनाजोगे फेरबदल करवून घ्यावयाचे, आणि शेवटीं मूळच्या मुठी उतरवून तेथें मध्य अमेरिकेंतील कोकोबोलो, आफ्रिकेंतील आबनूस, दक्षिण अमेरिकेंतील सापाच्या कातडीसारखे ठिपके असलेलें लांकूड, नाहीं तर आपल्याकडची काळी शिसव बसवावयाची, असा हा नाद आहे. शौकीन लोक यापायीं बराच पैसा मोजतात. आपल्या देशांत १८७८ च्या कायद्यापासून परवान्याखेरीज पिस्तूल बाळगतां आलें नाहीं आणि १९५९ च्या कायद्यानेंहि तें बंधन कायम ठेवलें. त्यामुळें हा शौक आपणांस विचित्र वाटावा हें साहजिक आहे. परंतु त्याचीं मुळें चारशें-पांचशें वर्षें मागें जातात, आणि त्यांचा शोध घेतांना यंत्रयुगाचाच एक चमत्कारिक पैलू दृष्टीस पडतो.

पिस्तूल जन्मास आलें तें सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. त्याआधींची बंदूक जळत्या जामगीनें पेटवावी लागे, आणि धुमसती जामगी कमरेला किंवा खोगिराच्या पिशवींत बाळगणें कोणाच्याहि बापाला शक्य नव्हतें. पुढें किल्ली देऊन ताणलेलें पोलादी चाक लोहमाक्षिकाच्या खड्यावर घासून ठिणगी पाडण्याची युक्ति निघाली आणि भरलेलें हत्यार स्वारासोबत निमूटपणें राहूं लागलें. ही युक्ति घड्याळजीच्या हातची होती, म्हणून ती स्वस्त नव्हती. म्यूनिक येथील पीटर पेक हा घड्याळेंहि करी आणि पिस्तुलेंहि करी. त्यानें १५४० ते १५४५ च्या दरम्यान बादशहा पांचवा चार्ल्स याच्यासाठीं केलेलें दुनळी पिस्तूल न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयांत आहे. त्याचा दस्ता चेरीच्या लांकडाचा असून त्यांत सांबरशिंगाची जडणी आहे. पोलादावर दोन मस्तकांचा गरुड आणि हर्क्यूलिसचे खांब हीं बादशहाचीं चिन्हें आहेत. येथें कारागिराला मालक कोण हें पहिल्या घावापासूनच ठाऊक होतें. एक माणूस, एक पिस्तूल, आणि त्या पिस्तुलासाठीं निवडलेला लांकडाचा एक तुकडा, असा तो जमाना होता.

त्याच शतकाच्या उत्तरार्धांत जर्मन घोडेस्वारांच्या पिस्तुलांच्या मुठीच्या टोकाला मोठा गोळा असे, म्हणजे घोडा दौडत असतां हातमोजा घातलेल्या हातानेंहि पिस्तूल पिशवींतून ओढून काढतां येई. त्यावरहि शिंगाची आणि हाडाची नक्षी असे. पण या बाबतींत खरी कमाल केली ती सतराव्या शतकांत मास्ट्रिख्ट या गांवच्या कारागिरांनीं. त्यांनीं १६६० च्या आगेमागे संबंध दस्तेच्या दस्ते हस्तिदंताचे कोरले आणि मुठीच्या टोकाला शिरस्त्राण घातलेल्या योद्ध्याचें मस्तक बसविलें. चित्रांत पाहतांना डोळे दिपतात हें खरें. परंतु हस्तिदंत ठिसूळ, बाराचा धक्का बसला कीं तडकणारा. हीं पिस्तुलें लढण्यासाठीं नव्हतींच. तीं भिंतीवर, पेटींत, आणि पाहुण्यांच्या तोंडीं राहण्यासाठीं होतीं.

जें हत्यार खरोखर वापरावयाचें त्याला मात्र युरोपानें फार लवकर आक्रोडाचें लांकूड पसंत केलें, आणि ही पसंती आजतागाईत टिकली. आक्रोड फार जड नाहीं, फार हलका नाहीं. त्याचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात कीं धक्क्यानें तो सहसा चिरत नाहीं. एकदां नीट वाळला म्हणजे पावसाळ्या-उन्हाळ्यानें फारसा फुगत नाहीं कीं आटत नाहीं. आणि पटाशीखालीं तो आज्ञाधारक मुलासारखा वागतो. आपल्या श्रीनगरांतील बंदूकखार मोहल्ल्यांतले कारागीरहि आक्रोडाच्याच दस्त्यांच्या बंदुका करीत आले आहेत. काश्मीरची भूमीच त्या झाडाची. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील बंदूककारांनीं द्वंद्वयुद्धाचीं जीं पिस्तुलें घडविलीं त्यांत जडणी नाहीं, सोनें नाहीं. असलाच तर घामेजलेल्या तळव्यांतून मूठ निसटूं नये म्हणून तिच्यावर बारीक चौकड्यांची खरड काढलेली. माझ्या दृष्टीनें मास्ट्रिख्टच्या योद्ध्यांपेक्षां ही साधी चौकडी अधिक देखणी आहे. तिच्यांत कारागिरानें धरणाराच्या हाताचा विचार केलेला दिसतो.

आतां जी गोष्ट सांगणार आहें ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. यंत्रयुग शस्त्रांच्या कारखान्यांत शिरलें तेव्हां यंत्रानें प्रथम लोखंड जिंकलें असेल अशी आपली समजूत असते. पण ज्या अंगीं यंत्राचा फार लवकर आणि फार पूर्ण विजय झाला तें लांकूड होय. बंदुकीचा दस्ता ही कांहीं गोल कांतावयाची वस्तु नव्हे. तिच्यांत खळगे, बांक, फुगवटे. अशी वेडीवांकडी आकृति कुशल सुताराच्या डोळ्यावांचून व्हावयाची नाहीं असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. १८१९ सालीं अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स प्रांतांतल्या थॉमस ब्लँचर्ड यानें हें खोटें पाडलें. त्याच्या यंत्रांत एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरे आणि दुसऱ्या बाजूला ओबडधोबड लांकूड फिरे. नमुन्यावरून एक चाक घासत जाई, आणि तें जसें आंत-बाहेर होई तसतसें पात्यांचें दुसरें चाक लांकूड तासत जाई. गिरवण्याच्या कित्त्यावरून मुलानें अक्षर काढावें तसें हें. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारांत हीं यंत्रें लागलीं, आणि १८५४ सालीं इंग्रज सरकारचे अधिकारी तीं पाहण्यास अमेरिकेस गेले ते थक्क होऊन परत आले. पुढें तसलींच यंत्रें एन्फील्डच्या कारखान्यासाठीं विकत घेण्यांत आलीं. दस्ते कोरून पोट भरणाऱ्या जुन्या सुतारांचें काय झालें, हें मात्र कोणत्याहि अहवालांत ठळक अक्षरांनीं छापलेलें नसतें.

याच हवेंत सॅम्युएल कोल्ट वाढला. १८३६ सालीं त्याला फिरत्या कोठीच्या पिस्तुलाचा अमेरिकन पेटंट हक्क मिळाला, पहिला कारखाना बुडाला, आणि नंतर कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथें त्यानें एवढें मोठें प्रस्थ उभारलें कीं १८५५ सालीं पुऱ्या झालेल्या त्याच्या कारखान्याची गणना जगांतील सर्वांत मोठ्या खासगी शस्त्रकारखान्यांत होऊं लागली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत त्यानें आपलीं पिस्तुलें मांडलीं. त्याची सारी घमेंड ही कीं, माझ्या एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यास चालतो. कारागिराची कानस पुष्कळ ठिकाणीं लागतच होती; पण ध्येय तें होतें. हजारों पिस्तुलें, सर्व एकसारखीं, मूठ आक्रोडाची, वर चकचकीत रोगण.

आणि येथेंच गंमत आहे. सर्व एकसारखें करण्याचा ज्यानें ध्यास घेतला त्याच कोल्टला ठाऊक होतें कीं माणसाला सर्वांसारखी वस्तु नको असते. तुर्कस्तानचा सुलतान, रशियाचा झार अशांना त्यानें सोन्याच्या जडणीचीं पिस्तुलें नजर केलीं. हा माणूस पक्का व्यापारी होता आणि त्याच्या दानतीमागें हिशेब होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण एक गोष्ट हिशेबापलीकडची वाटते. हार्टफर्ड गांवीं एक प्राचीन ओक वृक्ष होता. १६८७ सालीं इंग्लंडच्या राजाच्या अधिकाऱ्यानें वसाहतीची सनद परत मागितली तेव्हां लोकांनीं ती या झाडाच्या ढोलींत लपविली, अशी तेथील परंपरागत कथा. तो वृक्ष १८५६ च्या ऑगस्ट महिन्याच्या २१ तारखेस वादळानें कोसळला. गांवानें शोक केला. आणि त्या लांकडाचे तुकडे मिळविण्यासाठीं धांवपळहि केली. कोल्टनें त्यांतून आपल्या तान्ह्या मुलासाठीं पाळणा करविला आणि कांहीं खास पिस्तुलांच्या मुठीहि त्याच लांकडाच्या केल्या. एकाच झाडाचें लांकूड, एक फळी पाळण्याला आणि एक पिस्तुलाला! त्या मुलाला वर्षहि पुरतें लाभलें नाहीं. आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ असें म्हणतात, तें मला येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

कोल्टचे प्रतिस्पर्धी स्मिथ आणि वेसन यांनीं १८५७ सालीं आपलें पहिलें लहानसें पिस्तूल बाजारांत आणलें, त्याच्या मुठी शिसवीच्या कुळांतील लांकडाच्या होत्या. पुढें रबरास गंधक देऊन कठीण करण्याची विद्या आली तेव्हां कोल्टच्या कारखान्यानें १८८० नंतर तसल्या काळ्या रबराच्या मुठी सांच्यांत ओतून बसविण्यास आरंभ केला. हस्तिदंत आणि शिंपल्याच्या मुठी हव्या असणारास त्या ज्यादा पैसे देऊन मिळत. या काळांतल्या जर्मनीच्या माउझर पिस्तुलाची मूठ गोल लांकडी असून केरसुणीच्या दांड्यासारखी दिसे, म्हणून त्याला लोकांनीं तेंच टोपणनांव दिलें. १८९८ च्या ओम्डुर्मानच्या लढाईंत तरुण चर्चिलजवळ हेंच पिस्तूल होतें.

आजच्या शौकाचा पाया मात्र घातला तो दुसऱ्याच एका पिस्तुलानें. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकानें आंखलेलें पंचेचाळीस बोअरचें आपोआप भरणारें पिस्तूल तेथील सैन्यानें १९११ च्या २९ मार्च रोजीं स्वीकारलें, आणि सालावरूनच त्याला नांव पडलें. १९८५ सालीं दुसऱ्या पिस्तुलाची निवड होईपर्यंत तेंच अमेरिकन सैन्याचें मुख्य पिस्तूल होतें. त्याची मूठ म्हणजे पोलादी सांगाडा. त्याच्या पोकळींत गोळ्यांची पेटी सरकते. आणि दोन्ही अंगांना दोन चपट्या फळ्या, प्रत्येकी दोन स्क्रू. आरंभीच्या पिस्तुलांवर आक्रोडाच्या फळ्या असत, त्यांवर चौकड्यांची खरड, आणि स्क्रूभोंवतीं खरड न काढतां सोडलेला हिऱ्याच्या आकाराचा कोरा तुकडा. ब्राउनिंगच्या मनांत दुरुस्तीच्या सोईपलीकडे कांहीं असेल असें मला वाटत नाहीं. परंतु परिणाम असा झाला कीं, चार स्क्रू सोडतां येणाऱ्या कोणाहि शिपायाला आपल्या हत्याराचा चेहरा बदलतां येऊं लागला.

दुसऱ्या महायुद्धांत या पिस्तुलांची सुमारें १९ लक्ष एवढी प्रचंड संख्या तयार झाली. त्यांत सर्वांत मोठा वांटा होता तो रेमिंग्टन रँड या टाइपराइटर करणाऱ्या कंपनीचा, पावणेनऊ लक्षांहून अधिक! रेल्वेचे सिग्नल करणारी एक कंपनीहि या कामास लागली, आणि शिवणयंत्रवाल्या सिंगरनें ५०० पिस्तुलें करून दिलीं. ज्या घरांत सिंगरचें यंत्र आहे त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. या काळांत आक्रोडाच्या फळ्या गेल्या आणि तपकिरी प्लॅस्टिकच्या आल्या. त्या सांच्यांत चटकन् निघत आणि आक्रोड रायफलींच्या दस्त्यांसाठीं शिल्लक राही. म्हणजे लांकडाचा जो शेवटचा तुकडा हाताला लागत होता तोहि युद्धाच्या घाईंत गेला.

तेव्हां शिपायांनीं काय करावें? लढाऊ विमानांच्या खिडक्या कांचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या असत. पडलेल्या विमानांतून हे तुकडे मिळत. शिपायांनीं ते करवतीनें कापले, कानशीनें घासले, मूळच्या फळीच्या मापानें त्यांना भोंकें पाडलीं. आणि खालीं आपल्या पत्नीचें, प्रेयसीचें, क्वचित् तान्ह्या मुलाचें छायाचित्र ठेवून त्यावर ही पारदर्शक फळी स्क्रूनें आवळली. अशा मुठींना पुढें संग्राहकांनीं 'प्रियतमेच्या मुठी' असेंच नांव दिलें. पिस्तूल सरकारचें, त्यावर सरकारचा क्रमांक. तो मुखडा तेवढा ज्याचा त्याचा. आणि शत्रु समोर आला कीं ज्या तळव्यानें तें पिस्तूल आवळावयाचें त्याच तळव्याखालीं तो मुखडा झांकला जावयाचा. या मुठी आज लिलावांत विकल्या जातात. चित्रांतल्या पुष्कळ बायकांचीं नांवें कोणासहि ठाऊक नाहींत.

त्याच युद्धांतला दुसरा टोंकाचा नमुना म्हणजे जनरल पॅटन. १९१६ सालीं मेक्सिकोवरील मोहिमेच्या वेळीं त्यानें कोल्टचें रुपेरी मुलाम्याचें पिस्तूल खरेदी केलें, त्याच्या मुठी हस्तिदंताच्या. त्याच वर्षीं मे महिन्याच्या १४ तारखेस मेक्सिकोंतील रुबिओ गांवानजीक झालेल्या चकमकींत त्यानें तें वापरलें. पुढें सेनापति झाल्यावर तेंच पिस्तूल कमरेला लटकवून तो वार्ताहरांपुढें उभा राही. मुठी मोत्याच्या शिंपल्याच्या आहेत असें कोणी म्हटलें कीं तो संतापे. हस्तिदंत आणि शिंपला यांत सभ्य आणि असभ्य माणसाइतकें अंतर आहे असें त्याचें मत होतें. मला हा अभिमान थोडा पोरकट वाटतो. विमानाच्या खिडकीचा तुकडा घासणाऱ्या त्या अनामिक शिपायाशीं पॅटनची तुलना केली तर शिपाई अधिक मोठा वाटतो. त्याला कोणास दाखवावयाचें नव्हतें.

युद्धापूर्वींच अमेरिकेंतील नेमबाज मंडळींत या गोष्टीला शास्त्राचें रूप येऊं लागलें होतें. १९३० ते १९४० च्या दरम्यान वॉल्टर रोपर नांवाच्या गृहस्थानें असें प्रतिपादन केलें कीं, कारखान्याच्या मुठी सरासरी हातासाठीं केलेल्या असतात, आणि सरासरी हात हा कोणाच्याच मनगटाला नसतो. चापाच्या कमानीमागची पोकळी लांकडानें भरून काढली म्हणजे मधल्या बोटाला आधार मिळतो, बारागणिक मूठ हातांत सरकत नाहीं, नेम सुधारतो. शाळेंत टांक धरावयास शिकवितांना आम्हां मास्तरांना हेंच सांगावें लागे: टांक वाईट नाहीं, बोट चुकीच्या जागीं आहे.

आतां या फळ्या बसवितात कशा, तें थोडें विस्तारानें सांगतों. १९११ च्या पिस्तुलाची फळी सुमारें चार-सव्वाचार इंच लांब आणि पाव इंच जाड, म्हणजे आपल्या हाताच्या तीन बोटांएवढी. तीसुद्धां चांगली बसविणें हें उतावळ्या माणसाचें काम नव्हे. पहिली गोष्ट म्हणजे एकाच ठोकळ्यांतून दोन फळ्या चिरावयाच्या आणि पोथीचीं पानें उघडावीं तशा त्या उघडावयाच्या, म्हणजे उजवीकडची नक्षी डावीकडच्या नक्षीचें प्रतिबिंब होते. लांकूड पुरतें वाळलेलें पाहिजे. नाहीं तर आज घट्ट बसलेली फळी वर्षानें आखडून कडेला फट दाखवूं लागते किंवा स्क्रूजवळ चिरते. मागची बाजू सपाट करण्यासाठीं कांचेवर कांचकागद पसरून त्यावर ती घासावयाची. मग भोंकें. पिस्तुलाच्या सांगाड्यांत बारीक पोलादी नळकांडीं बसविलेलीं असतात, त्यांवर फळीचीं भोंकें तंतोतंत आलीं पाहिजेत. केसाचा फरक पडला तरी फळी तिरपी होते, आणि लांकडाला वाढवतां येत नाहीं.

यानंतरची युक्ति मला फार आवडते. पोलादाला तेलांत कालविलेल्या काजळीचा पुसट हात लावावयाचा आणि फळी त्यावर दाबून उचलावयाची. जेथें जेथें लांकूड पोलादाला टेकलें तेथें तेथें काळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका पटाशीनें हलकेच खरवडावयाचा, पुन्हां दाबावयाचें, पुन्हां खरवडावयाचें. असें पंचवीस वेळां, पन्नास वेळां. शेवटीं सर्वत्र सारखी काजळी उमटली कीं समजावें फळी बसली. डाव्या फळीच्या वरच्या कडेशीं खटक्याची एक बारीक नळी असते, तिच्या खालीं लांकूड असें यावें लागतें कीं नळीला आधार मिळेल पण दाब पडणार नाहीं. कडा पोलादाच्या किंचित् वर ठेवून मग अखेरीस कानशीनें दोन्ही एका पातळीवर आणावयाच्या, आणि पोलादावर ओरखडा उठूं द्यावयाचा नाहीं. चौकड्यांची खरड काढावयाची असली तर एका इंचांत अठरा ते वीस रेघा. एक रेघ वांकडी गेली कीं पुढच्या सगळ्या तिच्यामागून वांकड्या जातात.

लांकडागणिक तऱ्हा निराळी. कोकोबोलो हें आपल्या शिसवीचेंच भाऊबंद. नुकतें कापलें म्हणजे नारिंगी, आणि वाऱ्या-उजेडांत गडद तांबडें-काळें होत जाणारें. त्याच्या पोटांतच तेल असतें, त्यामुळें डिंक धरत नाहीं आणि वरून दिलेलें जवसाचें तेलहि लवकर सुकत नाहीं. मेण चोळून नुसतें घासलें तरी आरशासारखें चकाकतें. पण त्याचा भुसा अंगावर बसला तर पुष्कळांना पुरळ उठतें, आणि कारागिराला तोंडाला फडकें बांधावें लागतें. आबनूस कोळशासारखा काळा, सुंदर, आणि ठिसूळ. वेस्ट इंडीज बेटांकडचें लिग्नम व्हायटी नांवाचें लांकूड इतकें जड कीं पाण्यांत टाकलें तर बुडतें. पूर्वीं आगबोटीच्या पंख्याच्या दांड्याखालीं धारव्याला तें वापरीत, कारण तें स्वतःच वंगण सोडतें.

आतां इतकीं सुंदर लांकडें हवीं म्हटलीं कीं झाडें तोडावीं लागणार. आपल्या सह्याद्रींतली शिसव ही या व्यापारांतली जुनी मानकरीण. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कारागिरांनीं काळ्या शिसवीवर भरगच्च कोरीव काम करून खुर्च्या-कोच विलायतेस पाठविले, ते अजून तेथील घरांतून सांपडतात. हीं झाडें सावकाश वाढतात. आजोबांनीं लावावें आणि नातवानेंसुद्धां तोडण्याची घाई करूं नये अशी त्यांची जात. ब्राझीलच्या शिसवीचा एवढा संहार झाला कीं १९९२ सालीं तिचा आंतरराष्ट्रीय व्यापारच निषिद्ध ठरला. हा करार मुळांत १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झालेला. त्यांतल्या एका यादींत पुढें २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीचें संबंध कूळ घालण्यांत आलें. त्यामुळें कोकोबोलोहि आला, आपली शिसवहि आली, आणि उत्तरेकडचा शिसमहि आला. व्यापार बंद नव्हे, पण दाखल्यावांचून देशाबाहेर पाठवतां येऊं नये असा निर्बंध. शिसम उत्तर हिंदुस्थानांत भरपूर लावला जातो. सहारनपूरच्या नक्षीकाम करणाऱ्या कारागिरांना या नियमाचा फटका बसला, आणि हिंदुस्थान सरकारनें बरीच खटपट केल्यावर २०२२ सालीं पनामा येथील बैठकींत दहा किलोच्या आंतील तयार वस्तूंची मोजदाद कशी करावी याचा खुलासा होऊन त्यांची अडचण पुष्कळशी दूर झाली. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. जंगलांतली शिसव राखलीच पाहिजे. पण ब्राझीलच्या अरण्यांत झालेल्या लुटीचा दंड सहारनपूरच्या सुतारानें शेतांतल्या शिसमापायीं कां भरावा, हा प्रश्नहि योग्यच होता.

हस्तिदंताची कथा याहून कठोर आहे. मास्ट्रिख्टच्या योद्ध्यांपासून पॅटनच्या कमरेपर्यंत जो दांत मिरविला गेला त्याच्यासाठीं हत्ती मारावा लागतो, ही साधी गोष्ट मुठीकडे पाहून कोणाला आठवत नसे. आशियांतील हत्तींचा दांत १९७५ पासूनच निषिद्ध होता. आफ्रिकेंतील हत्तींनाहि १९८९ सालीं तें संरक्षण मिळालें. आणि २०१६ च्या जुलैपासून खुद्द अमेरिकेंत आफ्रिकन हस्तिदंताचा व्यापार जवळ जवळ पूर्ण बंद झाला. जुन्या, शंभर वर्षांवरच्या वस्तु तेवढ्या पुराव्यानिशीं विकतां येतात.

मग हस्तिदंती मुठीची हौस असलेल्यांनीं दुसरी वाट शोधली. सायबेरियांतील बर्फाळ जमिनींत मॅमथ नांवाच्या लोकरी हत्तींचे सुळे हजारों वर्षें गाडलेले आहेत. उन्हाळ्यांत नदीकांठ ढांसळला कीं ते बाहेर येतात. मॅमथ तर पृथ्वीवरून केव्हांच नाहींसा झाला, त्याला आणखी कोण मारणार? म्हणून त्याचे सुळे कापून पिस्तुलांच्या मुठी करण्याचा उद्योग सुरू झाला. जमिनींतील खनिजांमुळें त्यांवर निळसर, तपकिरी छटा उमटलेल्या असतात आणि शौकिनांना त्या फार आवडतात. यांतून नवी पंचाईत उभी राहिली, ती अशी कीं ताज्या हत्तीचा दांत मॅमथचा म्हणून खपवितां येऊं लागला. तेव्हां जकातनाक्यावरच्या तपासनिसांना एक खूण शिकविण्यांत आली. सुळा आडवा कापला म्हणजे त्याच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. बाहेरच्या कडेजवळ त्या रेघांमधला कोन मोजावयाचा. तो ९० अंशांच्या आंत भरला तर सुळा मॅमथचा. ११५ अंशांच्या वर गेला तर हत्तीचा.